बारा पंप आणि फुकटचा फिटर

मंगळवार, सात मार्च. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी कंपनीच्या खात्यात सत्तेचाळीस लाख अठरा हजार दोनशे जमा झाले आणि सगळ्या कचेरीत फक्त एका माणसाचा चेहरा उतरला.

हिशेबनीस हसत होता. विक्री विभागातली दोन्ही माणसे हसत होती. धाकटे मालक तर स्वतः केबिनमधून बाहेर येऊन म्हणाले, "सगळ्यांना चहा सांगा." निर्यातीच्या कागदांच्या टेबलावर बसलेल्या माणसाने मात्र चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि हिशेबनिसाला विचारले, "सगळे? एकदम?"

"सगळे, एकदम, आगाऊ," हिशेबनीस म्हणाला. "का, कमी पडले?"

"जास्त पडले. गिऱ्हाईक पैसे देताना कुंथत नसेल तर ते गिऱ्हाईक नव्हे."

या माणसाला कचेरीत शंकासूर म्हणत. पाठीमागे म्हणत, आणि गेली काही वर्षे तोंडावरही म्हणत, कारण त्यालाच त्याचे काही वाटत नसे. वय छप्पन्न. कंपनी निर्वात पंप बनवत असे, म्हणजे बंद भांड्यातली हवा खेचून काढणारे पंप. फळे वाळवायला, औषधे भरायला, दिव्यांच्या कारखान्यात असे पंप लागतात. वाकड्या हातात पडले तर अण्वस्त्रांच्या कारखान्यातही लागतात. म्हणून असा पंप देशाबाहेर पाठवायचा तर तो कोण घेणार, कुठे बसवणार आणि कशाला वापरणार, हे सरकारला लिहून द्यावे लागते. काही देशांना तो पाठवताच येत नाही. त्या लिहून देण्याच्या कागदावर खाली एक सही लागते. 'वरील मजकूर मी स्वतः तपासला असून तो खरा आहे.' ती सही शंकासुराची.

तो जन्मजात शंकेखोर नव्हता. कॉमर्सची पदवी घेऊन तो पहिल्यांदा झडपा बनवणाऱ्या एका कंपनीत लागला तेव्हा मॅनेजर म्हणेल तिथे सही करत असे. "करा हो, मी आहे ना," असे मॅनेजर म्हणायचा. एकोणीस वर्षांपूर्वी त्या कंपनीच्या चाळीस झडपा कागदावर एका देशात गेल्या आणि प्रत्यक्षात दुसऱ्याच देशात निघाल्या. चौकशी आली. मॅनेजरने कागद उलटसुलट करून पाहिला आणि अधिकाऱ्याला शांतपणे विचारले, "यावर माझी सही कुठे आहे?" शंकासूर अकरा दिवस एका खोलीत रोज तीच उत्तरे देत बसला. तो सुटला, पण कंपनीचा परवाना गेला आणि सत्तर माणसे घरी बसली. त्यांतल्या एकाने त्याला रस्त्यात गाठून एवढेच विचारले होते, "वाचलं का नाही हो तुम्ही?"

तेव्हापासून तो ताकच काय, पाणीही फुंकून पिऊ लागला. दुकानदाराने दिलेले सुटे पैसे तो दुकानदारासमोरच मोजी. मुलीने लग्न ठरवले तेव्हा त्याने होणाऱ्या जावयाच्या कंपनीचा पत्ता काढला आणि रजा टाकून, दोन बसगाड्या बदलून, तिथे पाटी आहे का ते बघून आला. पाटी होती. जावई अजून फोनवर पहिले वाक्य तेच म्हणतो, "बाबा, पाटी जागेवर आहे."

तर आता हे बारा पंप. घेणारी कंपनी समुद्रापलीकडच्या एका लहान देशातली, धंदा फळे गोठवून वाळवण्याचा. आणि ही मागणी ज्या दलालाने आणली होती तो होता शंकासुराच्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. दलाली दोन टक्के. चौऱ्याण्णव हजार तीनशे चौसष्ट. आजवर तीन धंदे करून तिन्हींत आपटी खाल्लेल्या मेहुण्याला आयुष्यात पहिल्यांदाच असा घास मिळणार होता.

शंकासुराने चहा न पिता फाईल उघडली.

घेणाऱ्या कंपनीचे नाव बंदीच्या यादीत नव्हते. संचालकांची नावे नव्हती. दुसरा कोणी एवढ्यावर खूश झाला असता. त्याने पुढे पाहिले. कंपनी स्थापन होऊन चौदा महिने झाले होते. चौदा महिन्यांच्या कंपनीला एकदम बारा पंप? संकेतस्थळावर सफरचंदांचे सुंदर फोटो होते, पण कारखान्याचा एकही नव्हता. माल उतरवून घेण्याचा पत्ता नकाशात शोधला तर बंदरालगतच्या गोदामांची रांग निघाली. तिथे फळे वाळत नाहीत, तिथे खोकी एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जातात.

आणि मग त्याने तांत्रिक तपशिलाचे पान उलटले. मोटरींपुढे विजेची वारंवारता लिहिली होती, पन्नास सायकल.

तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. त्या देशात वीज साठ सायकलची. हे त्याला पुस्तकातून ठाऊक नव्हते. सहा वर्षांपूर्वी तिथेच दोन पंप चुकून पन्नासच्या मोटरींसह गेले होते, त्या तापून बसल्या आणि बदलून देताना कंपनीच्या नाकी नऊ आले होते. त्या देशाला लागून असलेल्या दुसऱ्या देशात मात्र वीज पन्नासची. आणि तो दुसरा देश बंदीच्या यादीत वरून चौथा.

पाणी मुरत होते. कुठे मुरत होते तेही दिसत होते. पण दिसणे वेगळे आणि दाखवता येणे वेगळे.

रविवारी मेहुणा घरी आला. हातात नवा कोरा फोन, अंगात इस्त्रीचा शर्ट.

"भावोजी, बावीस तारखेला बोट आहे. कागद झाले ना?"

"एक विचारायचं होतं. त्यांना मोटर पन्नासची कशाला?"

"असेल काही त्यांचं. गिऱ्हाईकाला आपण कशाला विचारायचं, तुमची वीज कुठली? उद्या विचाराल तुमचं जेवण झालं का."

"विचार."

"काय, जेवण?"

"मोटर."

सोमवारी सकाळी पावणेबाराला मेहुण्याने कचेरीतूनच ईमेल टाकला आणि वीस मिनिटांत उत्तर आले. 'आम्ही पंप स्वतःच्या जनरेटरवर चालवणार आहोत, तो पन्नासचा आहे.' मेहुण्याने फोन शंकासुरापुढे धरला. "झालं समाधान?"

"तिथे आत्ता किती वाजलेत?"

"मला काय ठाऊक?"

"रात्रीचे तीन," शंकासूर म्हणाला. "फळं वाळवणारा माणूस रात्री तीनला जागा आहे, आणि उत्तर हाताशी घेऊन जागा आहे."

मेहुण्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "तुम्हाला हो म्हटलं तरी संशय, नाही म्हटलं तरी संशय. उशिरा उत्तर आलं असतं तर म्हणाला असता, इतका वेळ काय शिजवत होते?"

हे खरे होते. शंकासूर तसे म्हणाला असता. पण आता त्याची नजर फोनवरच खिळली होती. फोन महागाचा होता. दलाली अजून मिळाली नव्हती. मग फोन आला कुठून?

हा प्रश्न त्याने दिवसभर मनात घोळवला आणि संध्याकाळी चुकीच्या ठिकाणी विचारला.

"तुझ्या भावाला फोन कुणी दिला, माहीत आहे का?"

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने हातातला टॉवेल खाली ठेवला. "मी दिला. शिवणाच्या पैशांतून. धंदा करायचा तर माणसाच्या हातात बरा फोन नको? अजून काही?"

"नाही, मी आपलं..."

"तुम्ही आपलं काय ते मला कळतं. माझा भाऊ आहे तो, तुमच्या यादीतला देश नाही!"

रात्री जेवण वाढले गेले, पण वाढताना भांडी जरा जास्तच वाजली. शंकासुराने मान खाली घालून जेवण उरकले. फोनची शंका फिटली होती. मेहुण्याची फिटली नव्हती. या मुलाने तीन धंद्यांत स्वतःचे पैसे घालवले, कुणाचे बुडवले नव्हते, हे त्याला ठाऊक होते. पण भुकेला माणूस चोर नसला तरी डोळे मिटू शकतो, हेही ठाऊक होते. तो स्वतः एकोणीस वर्षांपूर्वी भुकेलाही नव्हता, तरी मिटले होते.

दुसऱ्या दिवशी तो मालकांच्या केबिनमध्ये गेला. धाकटे मालक तसे चांगले, पण कर्जाचा हप्ता आणि अठ्ठेचाळीस जणांचे पगार यांच्यामध्ये त्यांची मान अडकलेली होती.

"यादीत नाव आहे का त्यांचं?" मालकांनी विचारले.

"नाही."

"मग?"

"चोर नावाची पाटी लावून येत नाही, साहेब."

"अहो, पण पाटी नसलेला प्रत्येक जण चोर असतो का? जनरेटरचं म्हणाले ना ते? शक्य आहे की नाही?"

"शक्य आहे."

"गोदामातून माल पुढे नेतात. शक्य आहे?"

"शक्य आहे."

"सगळंच शक्य आहे तर अडलंय कुठे?"

"एवढ्या सगळ्या शक्य गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला येतात, तिथे अडलंय."

मालकांनी कपाळ दाबले. "ऐका. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत माझ्या हातात काहीतरी ठोस द्या. नाहीतर सही करा. दोन्ही जमणार नसेल तर सहीचा अधिकार मी विक्रीच्या माणसाकडे देतो आणि तुम्ही स्टोअर सांभाळा. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटून घ्यायचे नाही, असे सांगितले की माणसाला नेमके किती वाईट वाटावे ते कळते. विक्रीचा माणूस वाचल्याशिवाय सही करील, पंप जातील, आणि आठ महिन्यांनी पुन्हा कोणीतरी कुणाला रस्त्यात गाठील.

शंकासूर तडक खाली कारखान्यात गेला. पॅकिंगच्या कोपऱ्यात मुख्य फिटर लाकडी खोक्यावर बसून तंबाखू मळत होता. तीस वर्षे त्याने या कंपनीचे पंप बसवले होते, निम्म्या जगात.

"काय शंकासूर, आज खाली?"

"बारा पंप बघायला आलो."

"बघा. सासरी निघालेत, पण मुलगी बघायला कुणी आलंच नाही." फिटरने तंबाखू तोंडात टाकला. "एक सांगू का? माझ्या तीस वर्षांत असं कधी झालं नाही. बाहेरची पार्टी म्हणजे पंप निघायच्या आधीच बोंब, फिटर पाठवा, फिटर पाठवा. एक पंप घेतील आणि पंधरा दिवस मला ठेवून घेतील. पाया कसा घालू, तेल कुठलं घालू, बायकोला काय सांगू. आणि हे बाराच्या बारा नेतात आणि मला हाकही नाही?"

शंकासुराने त्याच्याकडे पाहिले. "समजा, तुला फुकट पाठवलं तर?"

"मला? फुकट? मग तर गळ्यात हार घालतील. फुकट ते पौष्टिक, साहेब. हे कुठल्याही मुलखात खरं."

शंकासूर वर आला आणि त्याने पत्र लिहायला घेतले. आठ ओळींचे साधे व्यापारी पत्र. आपली मागणी मोठी असल्याने कंपनी आनंदाने आपला मुख्य फिटर दहा दिवसांसाठी पाठवत आहे. प्रवास, राहणे, मजुरी, सर्व खर्च कंपनीचा. पंप त्याच्या हातून बसले तर हमीची मुदत एकाची दोन वर्षे. कृपया कारखान्याचा पत्ता कळवावा.

मालकांनी पत्र वाचले आणि ते दचकले. "तिकीट कोण देणार?"

"ते हो म्हणाले तर माझ्या पगारातून कापा, साहेब. आणि त्याच दिवशी मी सही करतो."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तुम्ही धंदेवाईक घराण्यातले. तुम्हीच सांगा, गेल्या तीन पिढ्यांत फुकटचं कुणी परत केलंय?"

मालकांनी पत्र पाठवले, आणि शंकासुराच्या हट्टावरून मेहुण्याला न कळवता थेट पाठवले.

बुधवारी उत्तर आले. फारच सभ्य होते. आपल्या औदार्याबद्दल आभार. फिटरची गरज नाही. आमची माणसे तयार आहेत, कृपया कोणालाही पाठवू नये. हमीची अट आम्ही स्वखुशीने सोडत आहोत. माल मात्र शक्य तर आधीच्या बोटीने पाठवावा.

मालकांनी ते दोनदा वाचले. सायकल आणि गोदाम त्यांच्या डोक्यावरून गेले होते, पण हे गेले नाही. "हमीही नको?" ते स्वतःशीच म्हणाले. "सत्तेचाळीस लाखांचा माल, आणि हमी नको?"

"नको."

"पण... सभ्य लिहिलंय." मालक अजून काठावर उभे होते. "उद्या सांगतो."

गुरुवारी संध्याकाळी कचेरी सुटायच्या वेळी मेहुणा आला. शर्टाची इस्त्री मोडलेली होती. तो शंकासुराच्या टेबलासमोर उभा राहिला, बसला नाही.

"तुम्ही त्यांना परस्पर पत्र टाकलंत."

"टाकलं."

"त्यांचा मला फोन आला होता. आत्ता, तासाभरापूर्वी." त्याने घसा खाकरला. "म्हणाले, तुझ्या भावोजींना आवर. सही मिळव आणि दोनऐवजी चार टक्के घे. दोन तुझे, दोन त्यांचे."

शंकासुराच्या तोंडून पहिला प्रश्न जो निघाला तो निघायला नको होता. "मग तू आत्ता सही मागायला आलास?"

मेहुण्याने त्याच्याकडे असे पाहिले की शंकासुराला नजर वळवावी लागली.

"मागायचीच असती तर घरी आलो असतो, ताईच्या समोर. इथे कशाला आलो असतो?"

पलीकडे हिशेबनीस कपाटाला कुलूप लावता लावता थांबला होता.

"एक मिनिट," शंकासूर हळूच म्हणाला. "मी तुझा भावोजी आहे, हे त्यांना कुणी सांगितलं?"

मेहुणा आता बसला. खुर्चीच्या टोकावर, शाळेतल्या मुलासारखा. "मीच."

"कधी?"

"पहिल्याच भेटीत. प्रदर्शनात. तिथे पंपवाल्या सात कंपन्यांचे दलाल होते, भावोजी. सगळे माझ्यापेक्षा हुशार, टाय लावलेले. मला काय सांगता येणार होतं? मी म्हटलं, आमच्याकडे कागदांची काळजीच करू नका. कागद बघणारे माझे घरचेच आहेत." त्याने मान खाली घातली. "ते एकदम खूश झाले. मला वाटलं, माझ्या बोलण्यावर झाले."

शंकासूर मागे टेकला. आता त्याला कळले की सातांतून याच कंपनीच्या दारात हे लोक का आले. पंप चांगले म्हणून नाही, भाव कमी म्हणूनही नाही. ते त्याच्यासाठी आले होते. ज्या माणसाने एकोणीस वर्षे डोळ्यांत तेल घालून कागद वाचले, त्याची ख्याती बाहेर गेली ती मेहुण्याचे घरचे माणूस म्हणून.

"हे साहेबांना सांगशील?"

"सांगितल्यावर माझी दलाली गेली ना?"

"गेली."

"आणि पुढे कुणी मला दलाल म्हणून उभं करणार नाही."

"बहुतेक नाही."

मेहुण्याने फोन खिशात घातला. "चला. ते निघायच्या आत."

मालकांनी सगळे ऐकून घेतले आणि बावीस तारखेच्या बोटीची जागा रद्द करण्याचा निरोप स्वतःच्या हाताने लिहिला. मग शंकासुराकडे वळून म्हणाले, "परवाना कार्यालयाला कळवावं लागेल."

"आज रात्री मसुदा करतो."

मसुदा तीन पानांचा झाला. त्यात पन्नास सायकल होते, गोदाम होते, फिटर होता, चार टक्के होते. दुसऱ्या पानाच्या शेवटी त्याने लिहिले, 'सदर दलाल माझा सख्खा मेहुणा आहे.' बायकोने ते त्याच्या खांद्यावरून वाचले.

"हे लिहायलाच हवं का?"

"मी नाही लिहिलं तर दुसरं कुणीतरी शोधून काढील. मग ते लपवलेलं होईल."

ती आवराआवरीला स्वयंपाकघरात गेली. या वेळी भांडी वाजली नाहीत.

चौकशीला दोघांनाही बोलावले. शंकासुराला दोन तास, मेहुण्याला दोन दिवस. शेवटी मेहुण्याला ताकीद मिळाली आणि त्याने स्वतः येऊन सांगितल्याची नोंद झाली. पैसे कार्यालयाच्या हुकमाने खात्यातच अडकून राहिले. परत कुणाला करायचे, हे ठरेना, कारण ते पाठवणारे खाते फळांच्या कंपनीचे नव्हते, कुणा तिसऱ्याचेच निघाले. पुढच्या गिऱ्हाइकाच्या विजेप्रमाणे बसवता याव्यात म्हणून बारा पंपांच्या मोटरी काढून ठेवल्या. वर्षभरात सात पंप दुसरीकडे विकले गेले, पाच अजून पॅकिंगच्या कोपऱ्यात आहेत आणि फिटर त्यांना 'माहेरवाशिणी' म्हणतो. सही शंकासुराकडेच राहिली. पगारवाढ त्या वर्षी कुणालाच मिळाली नाही, आणि त्याचे कारण कोण, याबद्दल कचेरीत दोन मते होती.

मेहुण्याने दलालीचा नाद सोडला आणि एका दुकानात माल मोजून घेण्याचे काम धरले. पहिल्या महिन्याचा पगार हातात येण्याआधी तो एकदा शंकासुराकडे आला आणि चाचरत म्हणाला, "भावोजी, खोलीचं भाडं थकलंय. साडेतीन हजार हवे होते."

शंकासुराने विचारले, कुठल्या महिन्याचे, घरमालक पावती देतो का, आणि परत कधी करणार. मेहुण्याने तिन्ही उत्तरे दिली. शंकासुराने पैसे दिले. दुसऱ्या दिवशी कामावरून परतताना त्याने वाट थोडी वाकडी केली आणि भाडे पोचल्याची घरमालकाकडे परस्पर खात्री करून घेतली. पोचले होते.

त्या साडेतीन हजारांपैकी तेवीसशे मेहुण्याने दोन हप्त्यांत परत केले. बाराशे अजून यायचे आहेत.